मी सांगितलेला कोमल धैवत

पहिल्या दिवशी ती आली तेव्हा तिच्या कापडी पिशवीत एक वही, एक जेवणाचा डबा आणि एक कांदा होता. ऊन लागू नये म्हणून आपल्या नागपुरात मे महिन्यात कांदा जवळ ठेवतात, हे काय मला माहीत नव्हतं? माझ्या आजोबांच्या खिशातही असायचा. पण पियानोच्या वर्गात कांदा घेऊन कोणी येतं का? ती वही काढायला गेली, कांदा बाहेर पडला आणि घरंगळत थेट पियानोच्या पेडलपाशी जाऊन थांबला. आम्ही सगळ्या हसलो, आणि सगळ्यात मोठ्यानं मी. तीही हसली. वाकून कांदा उचलला, पदराला पुसला आणि परत पिशवीत टाकला.

त्या हसण्यावर गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. पण नाही. पुढचे तीन आठवडे त्या मुलीनं मला असं काही जाळलं, की मे महिन्यातलं नागपूर त्यापुढे गार वाटावं. सरळच सांगते. या वयात आता कोणापासून लपवायचं? मी तिच्यावर जळत होते. उठता-बसता, जेवताना, सायकल चालवताना जळत होते.

आमच्या कॉन्व्हेंटच्या हॉलमध्ये त्या वर्षी सुटीत पियानोचा वर्ग भरला होता. मुंबईहून एक बाई आल्या होत्या. साठी ओलांडलेल्या, विलायतेत शिकून आलेल्या, पांढरे केस कापलेल्या. इंग्रजी बोलायच्या. हिंदी यायची ती चहापाणी मागण्यापुरती, तीही अशी मोडकी, की आमचा माळीसुद्धा हसायचा. सकाळी सात ते बारा वर्ग. एकीनं सगळ्यांसमोर बसून वाजवायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि बाईंनी सगळ्यांच्या देखत चुका काढायच्या. सिस्टरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, की वर्गाच्या शेवटी बाई एका मुलीला निवडतील आणि आपल्या घरी ठेवून मुंबईत शिकवतील.

ती एक मुलगी मीच, असं मी गृहीत धरलं होतं. का नाही धरणार? अख्ख्या वर्गात घरी पियानो असलेली मी एकटी. एक रेल्वेतले साहेब बिऱ्हाड आवरून ऑस्ट्रेलियाला गेले, तेव्हा माझ्या डॉक्टर वडिलांनी तो त्यांच्याकडून घेतला होता. सहाव्या वर्षापासून मी शिकत होते. पाच रेघांवरचं नोटेशन मी वर्तमानपत्रासारखं वाचत होते. पण वडिलांनी या वेळी स्पष्ट बजावलं होतं, "बाईंनी नेलं तर जा, मी अडवणार नाही. नाही नेलं, तर जूनमध्ये मुकाट्यानं सायन्सला ॲडमिशन. मग पियानो हा नुसता सणासुदीला वाजवायचा." आमच्या घरात वडील एकदाच बोलायचे. मला सायन्स नको होतं, बेडूक कापायचे नव्हते, आणि सायन्सनंतर जे काय असतं ते तर मुळीच नको होतं. मला मुंबई पाहिजे होती.

आणि मध्येच ही कन्हानहून आली.

तिचे वडील तिकडे कोळशाच्या खाणीत फिटर होते आणि रात्री गाण्याच्या मंडळात पेटी वाजवायचे. छप्पन साली त्यांनी इथे नागपुरात दीक्षा घेतली, आणि त्यानंतरच्या वर्षी ही जन्मली. म्हणजे माझ्याच वयाची. पेटी ती वडिलांच्या मांडीवर बसून शिकली. खाणीच्या अधिकाऱ्यांच्या क्लबात गोऱ्या साहेबांनी मागे ठेवलेला एक पियानो होता. दुपारी क्लब बंद असे, तेव्हा तिची आई तिथे झाडपूस करायची आणि ही पियानोवर बसायची. कोणी शिकवलं नाही. मॅनेजरच्या बायकोनं एकदा ऐकलं आणि आमच्या सिस्टरांना चिठ्ठी लिहिली, एवढीच तिची ओळख.

पहिल्यांदा वाजवायला बसली तेव्हा उजवा हात छान चालला, आणि डावा हात पियानोच्या पाठीमागे भाता शोधत हवेत हलायला लागला. पेटीवाल्यांची सवय. हॉलमध्ये पुन्हा खसखस पिकली. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी तिचा उजवा हात धरून तिच्या मांडीवर ठेवला आणि सांगितलं, की तीन दिवस फक्त डाव्या हातानं वाजवायचं. तिनं वाजवलं. चौथ्या दिवशी तिचा डावा हात माझ्या डाव्या हाताच्या पुढे गेला होता. मी अकरा वर्षं शिकत होते, आणि हिला लागले तीन दिवस. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाई मला "बरोबर" म्हणायच्या. इंग्रजीत, मान हलवून, "करेक्ट". ती वाजवायला बसली की काहीच म्हणायच्या नाहीत. चष्मा काढून हातात धरायच्या आणि डोळे मिटायच्या. त्या मिटलेल्या डोळ्यांचा मला एवढा राग यायचा, की वाटायचं, जाऊन चष्मा परत नाकावर ठेवून द्यावा.

त्यात दुभाषी कोण? मीच. तिला इंग्रजी येत नव्हतं आणि बाईंना मराठी. सिस्टरांनी मला मोठ्या विश्वासानं त्या दोघींच्या मध्ये बसवलं. एकदा बाई तिच्याबद्दल चांगलं मिनिटभर बोलल्या. हिच्या हाताला वजन आहे, स्वर दाबत नाही, स्वराला बोलावते, असं शिकवून येत नाही, आणि कितीतरी. मी तिच्याकडे वळून सांगितलं, "ठीक आहे म्हणतात."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "एवढं लांबलचक बोलल्या वं, अन् एवढंच?"

"इंग्रजी लांबच असतं," मी म्हटलं.

तिला ते पटलं. हेच तर मला सहन व्हायचं नाही. तिला माझं सगळं पटायचं. बाईंनी चूक काढली की मी ती इत्थंभूत, पदरचं तिखटमीठ लावून सांगायची, आणि कौतुक केलं की चार शब्दांत उरकायची. ती बिचारी चुका सुधारत बसायची. त्यामुळे ती आणखीच चांगली वाजवायला लागली. घ्या. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

बारा वाजता वर्ग सुटायचा आणि कन्हानला जाणारी गाडी संध्याकाळची. भर उन्हात ती पोर स्टेशनवर बसणार म्हणून बाईंनी मला सांगितलं, "हिला घरी ने. तुझ्याकडे पियानो आहे, पुस्तकं आहेत. हिला नोटेशन वाचता येत नाही, ते तू वाचून दाखव." नाही कसं म्हणणार? रोज दुपारी तिला सायकलवर डबलसीट घेऊन मी प्रताप नगरला आणायची. तेव्हा तिकडे घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त होते, रस्त्यावर सावलीचं नाव नाही. घामानं माझे डोळे चुरचुरायचे, आणि मागे बसून ही गुणगुणायची. वाटायचं, ब्रेक दाबावा.

आईनं पहिल्याच दिवशी मला स्वयंपाकघरात बोलावून विचारलं, "कुठली आहे ती?"

"कन्हानची."

"ते नाही विचारलं," आई म्हणाली.

मग मी सांगितलं. त्या दिवसापासून तिच्यासाठी पाण्याचा एक पेला वेगळा झाला. दुपारचा आमरसही तिला वेगळ्या वाटीत. तिला कळलं होतं, कारण पाणी पिऊन झालं की ती तो पेला स्वतःच विसळायची आणि खिडकीत उपडा घालायची. मी बघायची आणि गप्प बसायची. मला वाईट वाटत होतं असं आता म्हणता येईल, पण ते खोटं होईल. मला बरं वाटत होतं. निदान एका बाबतीत तरी ही माझ्या खाली आहे, एवढा दिलासा मी त्या पेल्यातून घेत होते.

तिची लिहून घ्यायची पद्धत मी आजवर दुसऱ्या कोणाची पाहिली नाही. मी पुस्तकातली एकेक ओळ वाचायची आणि ती वहीत सा रे ग म लिहून घ्यायची. वर उजवा हात, खाली डावा. कोमल स्वर असला की अक्षराखाली एक आडवी रेघ. पेटीवर जशी वडिलांनी शिकवली तशीच. विलायती संगीत ती भजनाच्या वहीसारखं उतरवायची आणि मग त्या वहीवरून वाजवायची. बाईंना मी हे मोठ्या आशेनं सांगितलं होतं, की आता तरी त्या नाक मुरडतील. त्या म्हणाल्या, "कशातही लिहू दे. वाजवते ना?"

शेवटच्या आठवड्यात, बुधवारी, बाईंनी आम्हा दोघींना बाजूला बोलावलं. निवड आमच्या दोघींतूनच होणार हे तोवर सगळ्यांना कळून चुकलं होतं. त्यांनी दोघींना एकच रचना दिली. एका जर्मन संगीतकाराची, संथ, दोन पानांची. बाईंची एक रीत होती, की अशा वेळी त्या स्वतः वाजवून दाखवायच्या नाहीत. दाखवलं की पोपटासारखी नक्कल करता, म्हणायच्या. तीन दिवस वर्गाला सुटी, घरी आपापलं बसवा, शनिवारी वाजवा, तोपर्यंत मी ऐकणार नाही. एकमेकींचंही ऐकायचं नाही. पुस्तक एकच होतं आणि ते माझ्या घरी होतं. "तू हिला उतरवून दे," बाई मला म्हणाल्या.

त्या दुपारी कूलर घरघरत होता. ती खाली सतरंजीवर वही घेऊन बसली होती आणि मी पियानोच्या स्टुलावर पुस्तक घेऊन. ती कन्हानला जाऊन क्लबात बसवणार होती आणि मी इथे घरी. मी वाचत गेले, ती लिहीत गेली. दुसऱ्या पानावर एक जागा येते. वर चढत जाणारे चार स्वर, दोनदा कोमल धैवत घेऊन येतात, उदास, दबलेले. तिसऱ्यांदा तेच चार स्वर येतात आणि धैवत शुद्ध होतो. बस, एवढंच. पण सगळी रचना त्या एका स्वरासाठी लिहिली आहे, हे मला वाचतानाच कळलं, कारण पुस्तकात त्या जागी तशी खूण होती आणि मला लहानपणी पियानो शिकवणाऱ्या सिस्टरांनी तिच्याभोवती लाल पेन्सिलीनं गोल केला होता.

मी वाचलं, "प, ध कोमल."

ठरवून बसले नव्हते. देवाशपथ नव्हते. तोंडातून गेलं. पण गेलं ते गेलं, आणि मग मी चटकन खाली डाव्या हाताकडे पाहिलं. तिथे नुसता एक मध्यम धरून ठेवला होता, म्हणजे कुठे बेसूर होऊन खोटं उघडं पडायची भीती नव्हती. हे मात्र मी शांतपणे तपासलं. तोंडातून चुकून गेलं म्हणणाऱ्या मुलीनं डावा हात कशाला तपासला असता?

तिनं मान वर केली. "कोमल?"

"हो. कोमल."

"तिसऱ्या डावालेही?"

"पुस्तकात आहे ते सांगते आहे," मी म्हटलं. "तुला पाहायचं असलं तर पाहा." आणि पुस्तक तिच्यापुढे धरलं. धरायला काय जातं? तिला थोडंच वाचता येणार होतं. तिनं त्या रेघांकडे नुसतं पाहिल्यासारखं केलं, लाजल्यासारखी हसली, आणि धैवताखाली आडवी रेघ मारली.

ते तीन दिवस मी कसे काढले ते सांगत नाही. पश्चात्ताप झाला असं तुम्हाला वाटत असेल तर तसं काही नाही. मला फक्त भीती वाटत होती, की कोणीतरी तिला सांगेल. कन्हानला कोण सांगणार होतं? मी पोटभर जेवले आणि मन लावून रियाज केला. शुद्ध धैवत अगदी शुद्ध लागत होता.

शनिवारी हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. सिस्टरा, काही पालक, माझे वडील पहिल्या रांगेत. तिच्याकडचं कोणी नव्हतं. वडिलांची खाणीत पाळी होती आणि आईला क्लबाचं काम होतं. पहिला नंबर तिचा आला. तिनं पदरानं पट्ट्या पुसल्या, वही समोर ठेवली आणि सुरू केलं.

कसं वाजवलं म्हणून काय सांगू? पहिल्या पानालाच माझे वडील पुढे वाकून ऐकायला लागले, आणि माझ्या वडिलांना गाण्यातलं काही कळत नाही. बाईंचा चष्मा हातात होता. मी मात्र त्या जागेची वाट पाहत होते. एकदा कोमल. दुसऱ्यांदा कोमल. तिसऱ्यांदा ती तिथे आली, आणि शपथेवर सांगते, मला वाटलं की तिचं बोट क्षणभर थांबलं. मग ते कोमल धैवतावर पडलं. बाईंनी डोळे उघडले आणि चष्मा घातला.

मग मी वाजवलं. एकही चूक केली नाही. शुद्ध धैवत जिथे यायचा तिथे आला. टाळ्या माझ्यासाठी जास्त वेळ वाजल्या, कारण माझे लोक जास्त होते.

बाईंनी आम्हा दोघींना बाजूच्या लहान खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. तिची वही मागितली. त्यांना देवनागरी वाचता येईना, म्हणून मला बोट ठेवून ती जागा दाखवायला लावली. मी दाखवली. मग त्यांनी माझं पुस्तक शेजारी उघडून ठेवलं आणि दोन्हींकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

"लिहिण्यात चूक कोणाचीही होते," त्या मला म्हणाल्या. "त्याचं मला काही नाही. मला हिचा कान पाहिजे. हिला विचार, वाजवताना तो स्वर कानाला खटकला नाही का? एकदाही नाही? नीट विचार."

मी तिच्याकडे वळले. "बाई विचारतात, तिसऱ्या वेळचा कोमल धैवत तुला खटकला नाही का?"

"खटकला ना वं," ती लगेच म्हणाली. "पयल्याच दिवशी खटकला. क्लबात मी शुद्ध लावून पाह्यला, तर असं वाटे का हाच पायजे. तीन दिवस तसाच वाजवत होती. पन आज इथं बसली अन् वहीत पाह्यलं. मनलं, तुले पुस्तक वाचता येते, मले कुठं येते? तू दोनदा सांगतलं कोमल. मनलं माया कानच चुकत असन."

मी तिच्या चेहऱ्यावर राग शोधत होते. संशय तरी. काहीच नव्हतं. तिनं ते मला समजावून सांगितलं होतं, जशी एखादी मैत्रीण सांगते तसं. आणि त्याही क्षणी माझ्या मनात आधी काय आलं असेल? दया नाही. मला तो स्वर लाल गोलामुळे कळला, आणि हिला बंद क्लबात, कोणी न सांगता कळला. एवढंच आलं. अंगाची लाही लाही झाली.

"काय म्हणते?" बाईंनी विचारलं.

मी इंग्रजीत सांगितलं, "नाही म्हणते. तिला काही खटकलं नाही."

बाईंनी वही मिटली. मग म्हणाल्या, "वाईट झालं. वाचायला मी तिला महिन्यात शिकवलं असतं. पण कान मी कुठून देऊ?" आणि मला सांगितलं, की जूनच्या पहिल्या आठवड्यात मुंबईला ये, वडिलांशी मी बोलते. त्या उठल्या, तिच्या खांद्यावर हात ठेवला, काहीतरी पुटपुटल्या आणि बाहेर गेल्या.

ती माझ्याकडे बघून थांबली होती. "काय मनल्या बाई?"

"मला मुंबईला बोलावलं," मी म्हटलं. आणि मग तिला काहीतरी द्यावं असं वाटलं म्हणा, की लवकर जावी असं वाटलं म्हणा, मी पुढे बोलले. "तुझंही फार छान झालं म्हणाल्या. कान फार चांगला आहे म्हणाल्या."

तिचा चेहरा असा फुलला, की मी खिडकीकडे पाहिलं.

"खरंच?" ती म्हणाली. "बाबाले सांगतो मी. हे सगळं तुयामुळं झालं वं. तू रोज बसून वाचून दाखवलं नसतं, तर मले काय येत होतं?" तिनं माझा हात हातात घेऊन दाबला, टेबलावरची वही उचलून पिशवीत टाकली, आणि गाडीला वेळ होता तरी स्टेशनकडे चालायला लागली.